जयपाल सिंग मुंडा : मिशनच्या शाळेतून घटना समितीत

रातराणी_मी | शुक्रवार, रात्री ११.५०

मुलाच्या शाळेत गेल्या आठवड्यात प्रश्नमंजूषा होती. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघाचा कर्णधार कोण? चिरंजीवांनी 'ध्यानचंद' लिहिलं, बाईंनी बरोबरची खूण केली, पैकीच्या पैकी गुण. घरी सहज ताडून बघितलं तर उत्तर चूक! कर्णधार होते जयपाल सिंग. हे कोण बुवा, म्हणून वाचायला बसले ते रात्रीचे दोन वाजले.

माझ्यासारख्या अडाण्यांसाठी थोडक्यात सांगते. रांचीजवळ खुंटीच्या बाजूला टकरा पाहनटोली नावाचं मुंडा आदिवासींचं गाव. पाहन म्हणजे गावचा पुजारी. तिथला हा मुलगा, लहानपणीचं नाव प्रमोद पाहन. रांचीत अँग्लिकन मिशनची सेंट पॉल्स शाळा, तिथे शिकला. मुख्याध्यापक कॅनन कॉसग्रेव्ह यांना पोरगं इतकं आवडलं की पहिलं महायुद्ध संपता संपता ते त्याला इंग्लंडला घेऊन गेले. आधी कँटरबरीचं सेंट ऑगस्टीन कॉलेज, जिथे मिशनरी तयार होत. मग ऑक्सफर्डचं सेंट जॉन्स. तिथे अर्थशास्त्र आणि हॉकी. हॉकीत ऑक्सफर्डचा 'ब्लू' (विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्यांना मिळणारा मान). आयसीएसमध्ये (इंग्रज सरकारच्या सनदी सेवेत) निवड झाली, प्रशिक्षण चालू असताना ऑलिंपिकसाठी ॲमस्टरडॅमला गेले. परतल्यावर साहेबांनी फर्मावलं, विनापरवानगी गेलात, आता एक वर्ष जास्त काढा. त्यांनी आयसीएसलाच रामराम ठोकला.

पुढे तेलकंपनीत नोकरी, आफ्रिकेत गोल्ड कोस्टला (आजचं घाना) अचिमोटा कॉलेजात शिकवणं, रायपूरचं राजकुमार कॉलेज, बिकानेर संस्थानात मंत्रिपद. आणि मग १९३९ च्या जानेवारीत रांचीला आदिवासी महासभेचे अध्यक्ष! लोक 'मरांग गोमके' म्हणजे थोर नेता म्हणायला लागले. १९४६ ला घटना समितीत.

मी अडकलेय ती इथे. मिसरूड फुटायच्या वयात जो गाव सोडून साहेबाबरोबर गेला, वीस वर्षं सुटाबुटात वावरला, त्याला गावकऱ्यांनी 'आपला' कसा मानला? मिशनने त्याला घडवलं, की त्याने मिशनचा उपयोग करून घेतला? जाणकारांनी लिहा.

गोळीबंद | शुक्रवार, रात्री ११.५८

मीपण ध्यानचंदच लिहिलं असतं. पहिला प्रतिसाद, नारळ फोडला.

हॉकीवाला_खडकी | शनिवार, सकाळी ७.१५

वा ताई, सकाळी सकाळी जुनी जखम उघडी केलीत! आमच्या मैदानावर चहाच्या टपरीवर या विषयावरून हातघाईवर यायची वेळ आलेली आहे.

१९२८ चा संघ मुंबईहून 'कैसर-ए-हिंद' बोटीने निघाला. निघण्याआधी मुंबईच्या संघाशी सामना झाला आणि मुंबईकरांनी त्यांना ३-२ ने हरवलं. झालं, यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? बंदरावर निरोप द्यायला किती माणसं? तीन! जयपाल सिंग त्या बोटीवर नव्हते, ते इंग्लंडमध्येच होते, तिथे संघाला मिळाले.

ॲमस्टरडॅमला ऑस्ट्रिया ६-०, बेल्जियम ९-०, डेन्मार्क ५-०, स्वित्झर्लंड ६-०, आणि २६ मेला अंतिम सामन्यात यजमान हॉलंड ३-०. एकूण २९ गोल केले, एकही खाल्ला नाही. त्यातले १४ ध्यानचंदचे. गोलकीपर रिचर्ड ॲलन अख्ख्या स्पर्धेत कोरा राहिला. परत आल्यावर मात्र त्याच मुंबईत गर्दी मावेना. आपलं असंच असतं.

आता खरी गोम. अंतिम सामन्यात कर्णधार जयपाल सिंग मैदानावर नव्हतेच, संघ पिनिगरने चालवला. का? एक म्हणतो व्यवस्थापक रॉसरशी बिनसलं. दुसरा म्हणतो संघात अँग्लो-इंडियन खेळाडूंचं वजन होतं, त्यांना आदिवासी कप्तान खुपला. तिसरा म्हणतो आयसीएसवाल्यांचं बोलावणं. ज्याला जे सोयीचं ते तो सांगतो. पण जगज्जेत्या संघाचा कप्तान स्वतःच्या अंतिम सामन्यात नसावा, हे वाचलं की अजूनही चहा गार होतो.

उंबरठा | शनिवार, सकाळी ९.०२

धागा चांगला, पण भारावून जाण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. मिशनऱ्यांनी फुकट काही दिलेलं नाही. शाळा हा गळ होता, आमिष अक्षरांचं. पाहनाच्या घरातलं पोर उचलायचं, नाव बदलायचं, धर्म बदलायचा, सुटाबुटात परत पाठवायचं. दुसऱ्या महायुद्धात याच गृहस्थांनी इंग्रजांच्या सैन्यभरतीला मदत केली, तेव्हा निम्मा देश 'चले जाव'मध्ये तुरुंगात होता. म्हणून मला तरी 'आदिवासींचा नेता' हे बिरूद घशाखाली उतरत नाही.

चिंचोका | शनिवार, सकाळी ९.१०

उंबरठाशेठ आले, धागा शंभरी गाठणार.

रांची_रिटर्न | शनिवार, दुपारी १.४०

मी रांचीत धुर्व्याला कारखान्याच्या कॉलनीत अकरा वर्षं काढली, त्यामुळे तोंड उघडतोय.

उंबरठा, 'अक्षरांचं आमिष' हे अर्धंच खरं आहे. लोक मिशनकडे गेले ते मुख्यतः जमिनीसाठी. मुंडांची जुनी पद्धत खुंटकट्टी. ज्या कुळीने रान तोडून गाव वसवलं, जमीन त्या अख्ख्या कुळीची. मग राजाने वर जमीनदार, ठेकेदार आणून बसवले, इंग्रजांच्या कोर्टाने त्यांचे कागद खरे धरले आणि मूळ मालक स्वतःच्याच जमिनीवर कूळ झाला. वर बेठबेगारी. बाहेरून येऊन लुबाडणाऱ्याला तिकडे 'दिकू' म्हणतात. मी महाराष्ट्रातला, पगारी नोकर, कुणाची वीतभर जमीन घेतली नाही, तरी बाजारात भाजीवालीने मला एकदा तो शब्द ऐकवला होता. तिचं फारसं चुकलं नव्हतं. कॉलनी ज्या जमिनीवर उभी होती ती कुणाची होती, हे मीच कधी विचारलं नव्हतं.

तर अशा माणसाला कोर्टात अर्ज कोण लिहून देणार? गोस्नर मिशनचे चार जर्मन १८४५ ला रांचीत आले. चाळीस वर्षांनी बेल्जियन जेझुइट (कॅथलिक संघाचा पाद्री) लिव्हन्स आला, त्याने तर कुळांचे खटले हाच धंदा मांडला आणि गावंच्या गावं त्याच्यामागे गेली. आत्म्याच्या उद्धाराचं नंतर बघू, आधी सातबारा! (तिकडे सातबारा नसतो, आपल्या भाषेत म्हटलं.)

आणि याच मिशनच्या शाळेतला दुसरा मुंडा मुलगा कोण? बिरसा. चाईबासाच्या जर्मन मिशन शाळेत होता, बाप्तिस्म्याचं नाव दाऊद. जमिनीच्या लढ्यात पाद्री आपल्या बाजूने उभे राहत नाहीत हे दिसल्यावर बाहेर पडला. 'साहेब साहेब एक टोपी' हे त्याच्याच तोंडचं सांगतात, म्हणजे सरकारी साहेब आणि पाद्री साहेब, दोघांची टोपी एकच. १८९५ ला दोन वर्षांची कैद, सुटल्यावर उलगुलान, म्हणजे मोठं बंड, १९०० च्या ९ जानेवारीला डोंबारीच्या डोंगरावर गोळीबार, ९ जूनला रांचीच्या तुरुंगात मृत्यू. पंचवीस वर्षंही पुरी जगला नाही. त्यानंतर आठ वर्षांनी, १९०८ ला, सरकारला छोटानागपूर कूळकायदा करावा लागला, आणि त्याच्या मसुद्याच्या कामात फादर हॉफमन नावाचा जेझुइट होता. याच हॉफमनने मुंडारी भाषेचा प्रचंड ज्ञानकोश केला. आता सांगा, मिशनला कुठल्या एका खणात टाकायचं?

चिंचोका | शनिवार, दुपारी १.५५

म्हणजे मिशनने दोन मुंडा पोरं शिकवली. एकाने धनुष्य उचललं, एकाने हॉकीची काठी. पाद्री दोघांतला एकही झाला नाही. वरच्या ऑफिसला वार्षिक अहवालात काय लिहिलं असेल हो?

गोळीबंद | शनिवार, दुपारी २.०१

"प्रगती समाधानकारक."

रातराणी_मी | शनिवार, दुपारी ४.३०

:D :D

रांची_रिटर्न, दंडवत. बिरसा गेला १९०० ला, जयपाल जन्मले १९०३ ला, तेही त्याच खुंटीच्या मुलखात. म्हणजे ज्या गावांनी तो गोळीबार पाहिला त्याच गावांतला मुलगा इंग्रजांच्या देशात कप्तान होतो! मला हे आधी जाणवलंच नव्हतं.

उंबरठा, सैन्यभरतीचा मुद्दा मान्य. पण तेव्हा इंग्रजांना साथ देणारे सगळेच विकले गेलेले होते असं म्हणता येईल का?

उंबरठा | शनिवार, सायंकाळी ६.१२

'विकले गेले' हा शब्द तुमचा, माझा नाही. मी म्हटलं, आभाराचं ओझं असतं. साहेबाने बोट धरून ऑक्सफर्डला नेलं त्या माणसाला साहेबाविरुद्ध बोलताना जीभ अडखळणारच. बिरसाच्या डोक्यावर तसलं ओझं नव्हतं.

कलमबहाद्दर | शनिवार, रात्री १०.२५

मी वकील नाही. मला घटना समितीतल्या चर्चा वाचायचं व्यसन आहे, घरच्यांनी आता आशा सोडली आहे.

उंबरठासाहेब, जीभ कशी अडखळली ते बघा. १९ डिसेंबर १९४६. नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू, समोर देशातले नामांकित बॅरिस्टर. जयपाल सिंग उभे राहतात आणि सुरुवातच अशी करतात, की मी एक जंगली माणूस, ठरावातल्या कायद्याच्या खाचाखोचा मला कळाव्यात अशी अपेक्षा नाही, पण साधी अक्कल सांगते की स्वातंत्र्याच्या वाटेवर सगळ्यांनी बरोबर चालायला हवं. ऑक्सफर्डचा पदवीधर हे बोलतोय! 'जंगली' हा शब्द ज्यांनी त्याच्या लोकांना चिकटवला त्यांच्यासमोर तो छातीवर बिल्ल्यासारखा लावून उभा राहिला.

पुढे म्हणाले, कुणाला सर्वांत वाईट वागणूक मिळाली असेल तर ती माझ्या लोकांना, सहा हजार वर्षं. मी सिंधू संस्कृतीचं लेकरू, आणि इथे बसलेले तुम्ही बहुतेक सगळे माझ्या दृष्टीने उपरे. आदिवासींना लोकशाही शिकवू नका, त्यांच्याकडून शिका, जगात त्यांच्याइतकं लोकशाहीवादी कुणी नाही. आम्हाला संरक्षण हवं ते मंत्र्यांपासून! आणि जाता जाता टोला, या सभेत पुरुष फार झालेत, बायका वाढवा. शेवटी मात्र असंही म्हणाले की आमचा इतिहास लुबाडणुकीचा आणि बंडांचा आहे, तरीही मी नेहरूंच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

हे भाषण इंग्रजीत झालं, आणि मला वाटतं मिशनच्या शाळेचा खरा उपयोग तिथे झाला. हेच मुंडारीत बोलले असते तर कुणी ऐकलंही नसतं आणि कार्यवाहीत छापलंही नसतं.

दुसरी गंमत म्हणजे 'आदिवासी' हा शब्द घटनेत यावा म्हणून ते हटून बसले. आंबेडकरांचं उत्तर असं की 'आदिवासी' हा ढोबळ शब्द आहे, कायद्यात त्याला नेमका अर्थ नाही. 'शेड्यूल्ड ट्राइब'ला आहे, कारण त्यात जमातींची यादी असते. कायदा म्हणून आंबेडकर बरोबर. पण हिंदी भाषांतरात 'बनजाति' आलं तेव्हा जयपाल सिंग भडकले ते मला जास्त पटतं. रानात राहणारे तेवढेच आदिवासी का? आजही जो कागदावर 'अनुसूचित जमाती' असतो तो भाषणात, मोर्चात, शाळेच्या फलकावर 'आदिवासी'च असतो.

मोहफूल | रविवार, सकाळी ८.४०

कलमबहाद्दर, दारूबंदीची चर्चा विसरलात का? ती खरी मेजवानी!

कलमबहाद्दर | रविवार, सकाळी ९.३०

विसरेन कसा, मुद्दाम राखून ठेवली होती. २४ नोव्हेंबर १९४८. मार्गदर्शक तत्त्वांत दारूबंदी घालायचा प्रस्ताव. जयपाल सिंगांचं म्हणणं, हंडिया (भात आंबवून केलेली दारू) आमच्या पूजेचा भाग आहे, तिच्यावर घाला म्हणजे आमच्या धर्मावर घाला. आणि व्यवहाराचं सांगायचं तर ती नसेल तर संथाळांकडून भाताची लावणी होणं अशक्य. गुडघाभर पाण्यात, पावसात दिवसभर वाकून कोण राबणार?

आणि त्यांच्या बाजूने त्याच दिवशी दारूबंदीविरुद्ध बोलणारे दुसरे सभासद कोण? कोल्हापूरचे खर्डेकर!

तांबडा_पांढरा | रविवार, सकाळी ९.३४

कोल्हापूरकर. नाद खुळा. बस एवढंच लिहायला लॉगिन केलं.

मोहफूल | रविवार, सकाळी १०.०५

हंडिया प्यायली आहे, म्हणून लिहिते. भात शिजवून गार करायचा, त्यात 'रानू'च्या गोळ्या कुस्करून कालवायच्या (रानातल्या मुळ्यांपासून करतात), हंडीत झाकून दोनतीन दिवस ठेवायचं. मग पाणी घालून गाळायचं. दिसायला पातळ ताकासारखी, चव आंबूस. आठवडी बाजारात बायका सालाच्या पानांच्या दोन्यातून देतात. आपल्या गडचिरोलीकडच्या मोहाच्या दारूशी तिची तुलना करू नका, मोहाची भट्टीतून उतरते, ही नुसती आंबवलेली. जेवणासारखीच, म्हातारी माणसं उन्हाळ्यात दुपारी तिच्यावरच असतात.

चिंचोका | रविवार, सकाळी १०.११

धागाकर्तीताई, तुमचा धागा पाककृती विभागात हलवायची विनंती संपादकांना करत आहे.

सातपुडा_पायथा | रविवार, दुपारी ३.२०

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको चाललं होतं.

मी भिल्ल. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे, आणि तशाच एका आश्रमशाळेत शिकलो. पहिलीत गुरुजींनी नाव विचारलं, मी घरचं नाव सांगितलं. गुरुजी म्हणाले, हे काय नाव आहे? आणि हजेरीत दुसरंच लिहिलं. आज माझ्या आधार कार्डावर, पगारपत्रकावर, लग्नाच्या पत्रिकेवर तेच नाव आहे. आई मेली तोपर्यंत तिला ते नीट म्हणता आलं नाही. ती शाळा मिशनची नव्हती. सरकारी अनुदानाची, गुरुजी आपलेच, चांगले होते, मारायचे नाहीत. म्हणून उंबरठासाहेब, प्रमोद पाहनचा जयपाल सिंग झाला हे वाचून मला मिशन दिसत नाही, मला शाळा दिसते.

ताई, तुम्ही विचारलंत लोकांनी त्याला आपला कसा मानला. मला हा प्रश्नच उलटा वाटतो. आमच्या गावातला पहिला पोरगा तहसीलदार झाला तेव्हा तो गाडीतून उतरला, बूट होते, गॉगल होता. म्हातारे एकमेकांना विचारत होते, आपली बोली बोलतो का? तो बोलला. संपलं. बुटाकडे परत कुणी बघितलं नाही. उलट बूट असलेला बरा, कचेरीत त्याला खुर्ची मिळते. आमच्या माणसाने लंगोटीतच राहावं तर तो खरा, असं आम्हाला कधीच वाटलं नाही. ते बाहेरच्यांना वाटतं.

जयपाल सिंग वीस वर्षांनी आले तेव्हा मुंडारी विसरले नव्हते. मला वाटतं तेवढं पुरलं.

रातराणी_मी | रविवार, दुपारी ३.४१

दादा, काय लिहू. लिहिलंत हे फार बरं केलंत.

समाजशास्त्री_अर्धवट | रविवार, सायंकाळी ५.००

सातपुडादादांच्या 'बाहेरच्यांना वाटतं' या वाक्यावरून आठवलं. त्याच काळात, १९४३ ला, आपल्या मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये मांडत होते की हे 'तथाकथित' आदिम लोक म्हणजे मागासलेले हिंदूच, त्यांना समाजात मिसळून घ्यावं. समोर व्हेरिअर एल्विन, मिशनमधून बाहेर पडलेला इंग्रज, म्हणत होता त्यांना त्यांच्या त्यांच्या जगात राहू द्या. अख्खा वाद दोन बिगरआदिवासी विद्वानांचा. आणि तेव्हाच रांचीत एक ऑक्सफर्डचा मुंडा हजारोंच्या सभा घेत होता, त्याला मात्र आमच्या अभ्यासक्रमात एक ओळही नव्हती. एम.ए.ला मी घुर्ये-एल्विन वादावर वीस गुणांचं उत्तर लिहिलंय. चांगले गुण मिळाले, तेही पटलं नाही.

उंबरठा | रविवार, रात्री ९.१५

सातपुडा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शाळेचा मुद्दा मान्य. मी मिशनचं नाव घेऊन जे बोललो त्यातलं बरंच आपल्या शाळांनाही लागू पडतं, हे खरं.

पण नेता म्हणून हिशेब मागणार की नाही? १ जानेवारी १९४८, खरसावां. संस्थान ओरिसात घालायला विरोध म्हणून आदिवासी हाटाच्या दिवशी जमले, जयपाल सिंग येणार, बोलणार म्हणून आले. ते पोचलेच नाहीत. ओरिसाच्या पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा ३५ मृत, लोक शेकड्यांनी, हजारांनी सांगतात. आणि १९६३ ला त्यांचा झारखंड पक्षच काँग्रेसमध्ये विसर्जित! ज्यांनी वेगळ्या राज्यासाठी मतं दिली त्यांना विचारलं होतं का?

रांची_रिटर्न | रविवार, रात्री १०.३०

ही बाजू आलीच पाहिजे. खरसावांला आजही १ जानेवारीला लोक नवं वर्ष साजरं करत नाहीत, शहीदस्थळावर जमतात.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत झारखंड पक्ष बिहार विधानसभेत मुख्य विरोधी पक्ष झाला होता. निशाणी कोंबडा. कोंबड्यावर शिक्का मारायला बाया मैल मैल चालत आल्याच्या गोष्टी माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने मला रंगवून सांगितल्या होत्या. १९५५ ला राज्य पुनर्रचना आयोगाने मागणी फेटाळली. त्यानंतर पक्ष झिजत गेला, आणि १९६३ ला विलीन. त्याच म्हाताऱ्याचे शब्द: "गोमकेने कोंबडा विकला." तेव्हा हातात काठी असती तर मारली असती म्हणाला. आणि बोलता बोलता भिंतीवरचा फोटो पुसत होता. फोटो अर्थात गोमकेचाच.

१९७० च्या मार्चमध्ये दिल्लीत वारले. झारखंड झालं २००० ला, १५ नोव्हेंबरला, बिरसाच्या जयंतीला. विमानतळ बिरसाच्या नावाचा, तुरुंग बिरसाच्या नावाचा. जयपाल सिंगांच्या नावाने रांचीत एक स्टेडियम आहे. मी होतो तेव्हा तिथे खेळापेक्षा गाड्याच जास्त लागलेल्या असायच्या.

हॉकीवाला_खडकी | रविवार, रात्री १०.४४

बिरसाच्या नावाने रुरकेलाला भलंमोठं हॉकी स्टेडियम आहे, तिथे विश्वचषक झाला. बिरसाने जन्मात हॉकी खेळली नसेल. आणि कप्तानाच्या मैदानावर पार्किंग! मी झोपतो आता, डोकं फिरेल.

थेम्सकाठी | सोमवार, पहाटे २.१५

इकडे रात्र आहे, झोप नाही. एक भर घालते.

झारखंड सरकारने २०२१ पासून 'मरांग गोमके जयपाल सिंग मुंडा' नावाने परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू केली. पहिल्या वर्षी सहा आदिवासी मुलं इंग्लंडात शिकायला आली. मला हे कळलं ते असं, की इथल्या आमच्या मंडळाच्या गणपतीला एक मुलगी आली होती, कुणाची तरी मैत्रीण म्हणून. मोदक खाता खाता मी नेहमीचा आगाऊ प्रश्न विचारला, "खर्च कोण करतं गं?" तिने शिष्यवृत्तीचं नाव सांगितलं. मी विचारलं हे कोण? ती दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आंटी, भारताला पहिलं ऑलिंपिक सोनं कुणी आणलं माहीत आहे का?" मी काय उत्तर दिलं असेल ते धागा वाचणाऱ्यांनी ओळखलंच असेल.

चिंचोका | सोमवार, सकाळी ९.००

ध्यानचंद बिचारे, फुकट बदनाम. १४ गोल करूनही या धाग्यात चुकीचं उत्तर म्हणूनच येतायत.

कलमबहाद्दर | सोमवार, सकाळी ११.२०

अवांतर: जयपाल सिंगांची पहिली पत्नी तारा मजुमदार ही काँग्रेसच्या पहिल्या अध्यक्षांची, व्योमेशचंद्र बॅनर्जींची नात. म्हणजे काँग्रेसशी सोयरीक १९६३ च्या कितीतरी आधीची. उंबरठासाहेबांना नवा दारूगोळा.

उंबरठा | सोमवार, सकाळी ११.३३

नको. दोन दिवस दारूगोळा बंद. पुस्तकं मागवली आहेत.

सातपुडा_पायथा | सोमवार, सायंकाळी ६.५०

आज परिपाठाला पोरांना सांगितलं. १९२८, ॲमस्टरडॅम, २९-०. आठवीतला एक विचारतो, सर, ते आपल्यातले होते? म्हटलं, हो, मुंडा, आदिवासी. तो म्हणाला, मग आपल्याकडे काठ्या का नाहीत?

शाळेत क्रिकेटचा एक संच आहे, तोही साहेब लोक तपासणीला येतात तेव्हा बाहेर निघतो. हॉकीच्या काठ्या बांबूच्या करता येतील का, हॉकीवालेसाहेब?

हॉकीवाला_खडकी | सोमवार, सायंकाळी ७.०५

सर, बांबू चिरतो. पुढे वाकडा नैसर्गिक बाक असलेली फांदी शोधा, वाळवा, झारखंडातली पोरं अजून तशाच काठीने सुरुवात करतात. चेंडूला बांबूचं मूळ चालेल. पण ते सोडा, आमच्या क्लबात जुन्या काठ्या धूळ खात पडल्यात, पंधरा-वीस निघतील. तुम्हाला खाजगी निरोप पाठवलाय, पत्ता द्या.

रातराणी_मी | मंगळवार, रात्री ९.४०

शाळेची ताजी बातमी. चिरंजीवांनी प्रामाणिकपणे बाईंना जाऊन सांगितलं की उत्तर चूक आहे. बाईंनी तपासलं, मान्य केलं, शाब्बास म्हटलं, आणि अख्ख्या वर्गाचा एक एक गुण कापला. याचाही. आता वर्गात त्याच्याशी कुणी बोलत नाही.

हॉकीवाला_खडकी | मंगळवार, रात्री ९.५२

त्याला म्हणावं बाईंना सांग, ध्यानचंद कर्णधार झाले ते थेट १९३६ ला बर्लिनमध्ये, त्याआधी १९३२ ला लालशाह बुखारी होते. आणि ज्याने 'पिनिगर' लिहिलं असेल त्याला अर्धा गुण द्यायला हवा.

रातराणी_मी | मंगळवार, रात्री ९.५५

पिनिगर कुणीच लिहिलं नव्हतं. एकाने शाहरुख खान लिहिलं होतं.